मुंबईत मिडवाइफच्या मदतीने घरी बाळंतपण : पूर्वतयारीपासून जन्मनोंदणीपर्यंत

घरी बाळंत होण्याची तयारी म्हणजे खोली, चादरी आणि गरम पाणी यांची तजवीज, असे सुरुवातीला बहुतेकांना वाटते. माझ्या मते या तयारीचा निम्म्याहून अधिक भाग रुग्णालयाशी निगडित असतो. कोणते लक्षण दिसले की घर सोडायचे, कोणी कोणाला फोन करायचा, कोणत्या रुग्णालयात जायचे आणि तिथे आपले कागद आधीपासून आहेत की नाहीत, हे सारे त्यात येते. इंग्लंडमध्ये घरी येणारी मिडवाइफ (बाळंतपण करण्याचे रीतसर प्रशिक्षण घेतलेली व्यक्ती), रुग्णवाहिका आणि प्रसूतिकक्ष हे सहसा एकाच सार्वजनिक आरोग्यव्यवस्थेशी जोडलेले असतात, त्यामुळे मिडवाइफने एक फोन केला की पुढची सूत्रे हलू लागतात. मुंबईत अशी साखळी आयती मिळत नाही. ती कुटुंबाला स्वतः, एकेक कडी जोडून उभी करावी लागते. हे काम सातवा महिना संपण्यापूर्वी झाले नाही, तर कळा सुरू झाल्यावर ते होणे नाही.

घरी बाळंत होण्यास मनाई करणारा केंद्रीय कायदा आपल्याकडे नाही. मात्र बहुसंख्य स्त्रीरोगतज्ज्ञ या निर्णयाच्या विरोधात असतात आणि त्यांच्या विरोधामागे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेले रक्तस्राव असतात, हे ध्यानात ठेवूनच त्यांच्याशी बोलावे.

घरचे बाळंतपण कोणासाठी योग्य

हा विचार करावा तो केवळ जिच्या गरोदरपणात कोणतीही गुंतागुंत नाही अशा स्त्रीने. पोटात एकच बाळ हवे, त्याचे डोके खाली हवे आणि कळा 37 ते 42 आठवड्यांच्या दरम्यान आपणहून सुरू व्हायला हव्यात. रक्तदाब 140/90 च्या खाली असावा, मधुमेह नसावा, आधीचे सिझेरियन झालेले नसावे, आणि मागच्या खेपेस अति रक्तस्राव झाला होता किंवा वार (प्लॅसेंटा) अडकली होती असा इतिहास नसावा. सोनोग्राफीत वार गर्भाशयाच्या तोंडाजवळ दिसली असेल, तर ती वर सरकल्याचे पुढच्या तपासणीत स्पष्ट होईपर्यंत घरचा विषय काढू नये. जुळी, पायाळू किंवा आडवे बाळ असेल तर रुग्णालयच. यांपैकी एखादी अट ‘जवळजवळ’ पूर्ण होत असेल, तर ती पूर्ण होत नाही असेच धरावे.

हिमोग्लोबिनबद्दल मी विशेष आग्रही आहे. गरोदरपणात ते 11 च्या खाली गेले की रक्तक्षय मानला जातो, आणि आपल्याकडच्या कितीतरी बायका त्या रेषेच्या खालीच असतात. निरोगी बाईला जो रक्तस्राव सोसतो, तोच रक्तक्षय असलेल्या बाईला धोक्यात नेऊ शकतो. लोहाच्या गोळ्यांचा परिणाम दिसायला आठवडे लागतात, म्हणून 28 व्या आठवड्याच्या सुमारास रक्त तपासून घ्यावे आणि 36 व्या आठवड्यात पुन्हा पाहावे. 75 ग्रॅम ग्लुकोज घेऊन दोन तासांनी केलेल्या तपासणीत साखर 140 किंवा त्याहून अधिक आली, तर तो गरोदरपणातला मधुमेह समजला जातो. आईचा रक्तगट आरएच निगेटिव्ह असेल, तर बाळाचा रक्तगट तातडीने कसा तपासायचा आणि गरज पडल्यास बाळंतपणानंतर 72 तासांच्या आत अँटी-डी इंजेक्शन (आईच्या शरीरात बाळाच्या रक्ताविरुद्ध प्रतिद्रव्ये तयार होऊ न देणारे) कुठे मिळेल, हे आधीच ठरवून ठेवावे लागते.

पहिलटकरणीने पुढचे आकडे शांतपणे वाचावेत. इंग्लंडमध्ये सुमारे 64,500 कमी जोखमीच्या स्त्रियांचा एक मोठा अभ्यास झाला आणि त्याचे निष्कर्ष 2011 साली प्रसिद्ध झाले. घरी बाळंत होण्याचे ठरवलेल्या पहिलटकरणींपैकी सुमारे 45 टक्के स्त्रियांना कळांच्या दरम्यान किंवा बाळ झाल्यावर लगेच रुग्णालयात हलवावे लागले. आधी एखादे बाळंतपण झालेल्या स्त्रियांत हे प्रमाण सुमारे 12 टक्के होते. पहिलटकरणींच्या बाळांना गंभीर इजा वा मृत्यू येण्याचे प्रमाण घरी दर हजारी 9.3, तर रुग्णालयात 5.3 होते. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेच्या स्त्रियांत मात्र असा ठळक फरक आढळला नाही. हे आकडे सुसज्ज व्यवस्थेतले आहेत. त्यामुळे मुंबईत पहिल्या खेपेला घरचा बेत करणाऱ्या जोडप्याने आपण रुग्णालयात पोहोचण्याची शक्यता जवळपास निम्मी आहे, असे समजूनच पुढची प्रत्येक गोष्ट ठरवावी. माझे स्वतःचे मत विचाराल, तर पहिल्या खेपेस मिडवाइफ सोबत येऊ शकेल असे रुग्णालय शोधणे अधिक शहाणपणाचे.

घरातली वडील माणसे ‘आमची सगळी बाळंतपणे घरीच झाली’ असे सांगतील. ते खरेही असते. परंतु त्या काळी ज्या बायका वाचल्या नाहीत, त्या आज सांगायला नाहीत. म्हणून त्या आठवणींचा मान राखावा, पण निर्णय तपासण्यांच्या कागदांवरूनच घ्यावा.

मिडवाइफ कशी निवडावी

केंद्र सरकारने 2018 साली मिडवायफरी सेवांची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली आणि प्रशिक्षित परिचारिकांसाठी 18 महिन्यांचा ‘नर्स प्रॅक्टिशनर इन मिडवायफरी’ हा अभ्यासक्रम आखला. त्यामागचा मुख्य विचार सरकारी रुग्णालयांत मिडवाइफच्या देखरेखीखालचे कक्ष चालवण्याचा आहे, घरोघरी सेवा देण्याचा नव्हे. त्यामुळे मुंबईत घरी येणाऱ्या मिडवाइफ मोजक्याच आहेत आणि त्या स्वतंत्रपणे काम करतात. निवड करताना पहिला प्रश्न नोंदणीचा विचारावा. महाराष्ट्र परिचर्या परिषदेचे प्रमाणपत्र मागून घ्यावे आणि त्याची मुदत पाहावी. परदेशात प्रशिक्षण घेतलेल्या व्यक्तीलाही हाच प्रश्न विचारावा. त्यात संकोचाचे कारण नाही. दूला ही कळांच्या वेळी धीर देणारी, कंबर चोळणारी, श्वासाची आठवण करून देणारी सोबतीण असते. तिची सोबत मोलाची असते, पण बाळाचे ठोके तपासणे किंवा रक्तस्राव थांबवणे हे तिचे काम नाही. गावाकडच्या पारंपरिक सुईणीच्या हातात अनुभव असतो, मात्र तिच्याजवळ औषधे नसतात, आणि या लेखातली व्यवस्था औषधांवाचून उभी राहत नाही.

पहिल्याच भेटीत मोकळेपणाने विचारावे. गेल्या वर्षभरात तुम्ही किती बाळंतपणे केली, त्यांतल्या किती बायकांना हलवावे लागले, आणि का? कोणालाच कधी हलवावे लागले नाही असे उत्तर आले, तर मी तिथून उठेन. ज्या मिडवाइफला हलवण्याचे प्रसंग तपशिलाने आठवतात आणि तेव्हा घड्याळात किती वाजले होते तेही सांगता येते, तिच्यावर विश्वास ठेवावा. त्यानंतर दुसऱ्या व्यक्तीबद्दल विचारावे. बाळ जन्मते त्या क्षणी एकाच वेळी दोन रुग्ण असतात, म्हणून नवजात बाळाला श्वास देण्याचे प्रशिक्षण घेतलेली दुसरी कुशल व्यक्ती हजर असलीच पाहिजे. हे प्रशिक्षण शेवटचे कधी घेतले तेही जाणून घ्यावे. तुमचे घर कुलाब्याला आणि मिडवाइफ ठाण्याला राहत असेल तर संध्याकाळच्या गर्दीत ती किती वेळात पोहोचेल, त्याच रात्री तिच्या दुसऱ्या बाईला कळा आल्या तर बदली कोण येणार, आणि इंजेक्शने ती कोणत्या डॉक्टरांच्या लेखी आदेशावर देते, हे प्रश्नही पहिल्याच भेटीतले आहेत.

तिची पेटी एकदा उघडून दाखवायला सांगावी. त्यात डॉप्लर (बाळाचे ठोके ऐकण्याचे यंत्र), रक्तदाबाचे यंत्र, बाळासाठी योग्य मापाचे मास्क असलेली श्वासपिशवी, ऑक्सिजन, सलाइन आणि ते लावण्याच्या सुया, कॅथेटर, निर्जंतुक कात्री व नाळेचे क्लॅम्प, टाक्यांचे साहित्य, व्हिटॅमिन के, आणि रक्तस्रावावरची औषधे असावीत. यातल्या ऑक्सिटोसिनकडे विशेष लक्ष द्यावे. ते 2 ते 8 अंश सेल्सिअसला ठेवावे लागते. मुंबईच्या मे महिन्यात टॅक्सीतून तासभर पिशवीत आलेल्या कुपीचा भरवसा धरता येत नाही. मिडवाइफ ते बर्फाच्या डब्यातून आणते का, आणि आल्यावर तुमच्या फ्रिजमध्ये कुठे ठेवायचे, हे तेव्हाच ठरवावे. फ्रिजच्या दारापेक्षा आतला कप्पा बरा, कारण दार सारखे उघडझाप होते. खोलीच्या तापमानाला टिकणाऱ्या मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या आणि ट्रॅनेक्सॅमिक आम्ल ही रक्तस्रावावरची औषधेही जवळ असावीत.

रुग्णालयात नाव घालणे

मिडवाइफ ठरली म्हणून प्रसूतिगृहात नाव घालण्याचे टाळू नये. आधी नाव नसलेली बाई ऐन कळांमध्ये दारात आली की छोटी नर्सिंग होम बहुधा पुढे पाठवतात, आणि त्या एका नकारात अर्धा-पाऊण तास निघून जातो. ज्या रुग्णालयात चोवीस तास भूलतज्ज्ञ, रक्तपेढी आणि नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग आहे, अशा जवळच्या ठिकाणी नाव घालावे आणि तिथल्या तपासण्या नियमित कराव्यात. खासगी रुग्णालय निवडले, तर तिथल्या स्त्रीरोगतज्ज्ञांना घरचा बेत स्पष्ट सांगावा. तो लपवला, तर हलवण्याच्या क्षणी डॉक्टरांचा पहिला वेळ रागात आणि प्रश्नांत जातो. काही डॉक्टर नकार देतील. तो नकार पाचव्या महिन्यात मिळालेला बरा. होकार देणाऱ्यांकडून लेखी चिठ्ठी घ्यावी. परळचे केईएम आणि वाडिया, शीवचे लोकमान्य टिळक, मुंबई सेंट्रलचे नायर, जुहूचे कूपर ही मोठी सार्वजनिक वा धर्मादाय रुग्णालये आहेत. त्यांपैकी आपल्या वाटेवरच्या एका ठिकाणी दुसरा पर्याय म्हणून बाह्यरुग्ण विभागात कागद काढून ठेवण्यात काहीच तोटा नाही. विमा असेल तर घरच्या बाळंतपणाचा खर्च पॉलिसीत बसतो का आणि अचानक दाखल झाल्यास कॅशलेस मिळते का, हे कंपनीकडून लेखी घ्यावे.

बाळंतपणाला माहेरी जायचे असेल, तर हे सारे माहेरच्या पत्त्यावर करावे लागते. दादरच्या सासरी आखलेला बेत डोंबिवलीच्या माहेरी लागू पडत नाही.

जिना, लिफ्ट आणि रस्ता

हा भाग मुंबईकरांनी सर्वांत गंभीरपणे घ्यावा. माझ्या मावसबहिणीच्या गिरगावातल्या इमारतीत चार माणसांची लिफ्ट आहे. मिडवाइफने सातव्या महिन्यात टेप घेऊन ती मोजली, तेव्हा स्ट्रेचर आडवे सोडाच, तिरकेही बसणार नाही हे दिसले. जिन्याच्या वळणावरही तेच. शेवटी हातांची, पक्की लाकडी खुर्ची निवडली. दोघा शेजाऱ्यांनी त्यात तिच्याच वजनाच्या एका माणसाला बसवून तिसऱ्या मजल्यावरून खाली नेऊन पाहिले, आणि वळणावर खुर्ची कोणी कोणत्या बाजूने उचलायची ते पक्के केले. प्रत्येक कुटुंबाने अशी रंगीत तालीम करावी. सोसायटीच्या सचिवांना आणि वॉचमनला कल्पना द्यावी, फाटकासमोर रात्री कोणाची गाडी उभी राहते ते पाहावे, आणि वीज गेल्यावर लिफ्टला जनरेटर आहे का ते विचारावे.

रुग्णालयापर्यंतचा रस्ता सकाळी नऊला, संध्याकाळी सातला आणि रात्री दोनला, अशा तीन वेळी गाडीने जाऊन मोजावा. सर्वांत वाईट वेळेला अर्ध्या तासाहून अधिक लागत असेल, तर माझ्या मते घरचा बेत सोडावा. बाळाचे दिवस जून ते सप्टेंबरमध्ये भरत असतील, तर हिशेब आणखी बदलतो. हिंदमाता, किंग्ज सर्कल, मिलन सबवे, अंधेरी सबवे इथे पाणी साचले की वाहतूक ठप्प होते. साडेचार मीटरहून उंच भरतीच्या तारखा महापालिका पावसाळ्यापूर्वी जाहीर करते. त्या कॅलेंडरवर लिहून ठेवाव्यात. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा शहर कसे थिजले होते, ते अनेकांना आठवत असेल. अतिवृष्टीचा इशारा असलेल्या दिवशी कळा सुरू झाल्या, तर थेट रुग्णालयात जावे. गिरगाव, लालबाग, दादर या भागांत विसर्जनाच्या दिवशीही हाच नियम लावावा, कारण त्या दिवशी रस्तेच बंद असतात.

रुग्णवाहिकेसाठी 108 हा क्रमांक घरातल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये असावा. परंतु ती गाडी किती वेळात येईल आणि कोणत्या रुग्णालयात नेईल, हे आपल्या हाती असेलच असे नाही. म्हणून एका खासगी रुग्णवाहिकेशी आधी बोलून ठेवावे, आणि 37 व्या आठवड्यापासून पेट्रोल भरलेली एक गाडी व ती चालवणारे माणूस इमारतीतच असेल अशी सोय करावी.

घराची तयारी

खोली मोठी नसली तरी चालते, पण तिला दार हवे आणि न्हाणीघर जवळ हवे. गादीवर प्लॅस्टिकचे जाड कापड, त्यावर धुऊन उन्हात वाळवलेल्या जुन्या सुती चादरी, बाळ पुसायला आणि गुंडाळायला मऊ पंचे, मोठे पॅड, बादल्या, कचऱ्याच्या जाड पिशव्या, चार्ज केलेला टॉर्च एवढे पुरते. खोलीचे तापमान किमान 25 अंश असावे. बाळ येण्याच्या वेळी एसी आणि पंखा बंद करावा, कारण ओले बाळ झपाट्याने गार पडते.

फुगवण्याच्या टबाविषयी हल्ली बरेच विचारले जाते. दीड मीटर व्यासाच्या टबात अर्धा मीटर पाणी भरले, तर त्याचे वजन जवळपास 900 किलो होते, म्हणजे दर चौरस मीटरला 500 किलो. राहत्या घराची जमीन सहसा दर चौरस मीटरला सुमारे 200 किलो भार गृहीत धरून आखलेली असते. जुन्या इमारतीत किंवा चाळीत तर हा विचार करूच नये. शिवाय पंचवीस लिटरचा गीझर आणि ठरावीक वेळेचे पाणी यांच्या जोरावर तो टब भरणार कसा? न्हाणीघरात स्टुलावर बसून कंबरेवर कोमट पाणी घेतल्याने कळांना पुष्कळ आराम पडतो.

घर सोडण्याची लक्षणे

ही लक्षणे मिडवाइफसोबत बसून मराठीत लिहून काढावीत, नवरा-बायको आणि मिडवाइफ तिघांनी त्यावर सही करावी आणि तो कागद दाराच्या आतल्या बाजूला लावावा. बाळाचे ठोके मिनिटाला 110 च्या खाली किंवा 160 च्या वर राहू लागले, पाणमोट फुटल्यावर पाणी हिरवट आले, ताजे रक्त जाऊ लागले, आईचा ताप 38 अंश सेल्सिअसवर गेला, रक्तदाब 140/90 वर पोहोचला, डोके दुखून डोळ्यांपुढे अंधारी आली, किंवा जोरदार कळा असूनही तासन्‌तास प्रगती थांबली, तर निघावे. पाणी जाऊन 18 तास उलटले आणि कळा नीट लागल्या नाहीत तरीही निघावे. आईला वेदना असह्य झाल्या किंवा तिला केवळ भीती वाटली, तरी ते पुरेसे कारण आहे आणि त्यावर कोणी वाद घालू नये. नाळ बाळाच्या आधी बाहेर आली, तर आईने गुडघे आणि छाती टेकवून, कंबर वर ठेवून राहावे आणि तत्क्षणी रुग्णवाहिका बोलवावी. निर्णय मिडवाइफ घेईल, फोन नवरा करील, फाइल आणि पिशवी तिसरी व्यक्ती उचलेल, अशी वाटणी असावी. सासूबाई आणि आई दोघींनाही ती आधी समजावून सांगावी.

प्रत्यक्ष बाळंतपणाचा दिवस

कळा नियमित झाल्या की मिडवाइफला कळवावे. गर्भाशयाचे तोंड साधारण 5 सेंटिमीटर उघडल्यावर कळांचा जोराचा टप्पा सुरू होतो असे जागतिक आरोग्य संघटना मानते, तेव्हा घाई करून उपयोग नाही. बाईने चालावे, पेज किंवा सरबत घ्यावे, वारंवार लघवीला जावे. या काळात मिडवाइफ दर 15 ते 30 मिनिटांनी आणि आई जोर करू लागल्यावर दर 5 मिनिटांनी ठोके ऐकून लिहून ठेवेल. ती लिहीत नसेल तर विचारावे.

बाळ येताच त्याला कोरडे करून आईच्या उघड्या छातीवर ठेवावे आणि दोघांवर मिळून कापड घालावे. बाळ रडले नाही, तर पहिल्या मिनिटाच्या आत श्वासपिशवीने हवा द्यायला सुरुवात व्हावी लागते. दुसरी कुशल व्यक्ती लागते ती याच मिनिटासाठी. बाळ ठीक असेल, तर नाळ किमान एक मिनिट थांबूनच कापावी. आईला ऑक्सिटोसिनचे 10 युनिटचे इंजेक्शन द्यावे. ते नैसर्गिक नाही म्हणून काही जोडपी नाकारतात. घरी तर ते कधीच नाकारू नये, असे माझे ठाम म्हणणे आहे, कारण बाळंतपणात बायका दगावतात त्या मुख्यतः रक्तस्रावाने. इंजेक्शन देऊनही अर्ध्या तासात वार पडली नाही, किंवा रक्त अर्ध्या लिटरच्या आसपास गेले, तर उपचार सुरू ठेवतच रुग्णालय गाठावे. पडलेली वार पूर्ण आहे की तुकडा आत राहिला आहे हे मिडवाइफने उजेडात नीट पाहावे, आणि तिची विल्हेवाट जैववैद्यकीय कचऱ्याची सोय असलेल्या दवाखान्यामार्फत करण्याचे आधीच ठरवावे.

मिडवाइफने वार पडल्यानंतर किमान दोन तास थांबावे. पहिल्या तासात बाळाला छातीशी लावावे. मध, गुटी, साखरेचे पाणी काहीही चाटवू नये. आंघोळ किमान 24 तास पुढे ढकलावी आणि मालिशवाल्या बाईला त्यानंतरच बोलवावे. शेक-धुरीसाठी बंद खोलीत निखारे ठेवू नयेत. नाळेला हळद, राख किंवा तेल लावू नये. व्हिटॅमिन केचे इंजेक्शन मिडवाइफ देईल. बीसीजी, पोलिओ आणि हिपॅटायटिस बी या लशींसाठी बाळाला रुग्णालयात न्यावे लागते, आणि हिपॅटायटिस बीचा पहिला डोस 24 तासांच्या आत द्यायचा असतो, म्हणून त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांची वेळ आधीपासून घेऊन ठेवावी. पहिल्या 24 तासांत बाळ पिवळे दिसणे, दूध न ओढणे, कण्हणे किंवा मिनिटाला 60 हून अधिक श्वास घेणे ही थांबून पाहण्याची लक्षणे नव्हेत. मिडवाइफची पुढची भेट 24 तासांत, नंतर तिसऱ्या दिवशी, मग दुसऱ्या आठवड्यापर्यंत आणि सहाव्या आठवड्यात व्हावी.

जन्मनोंदणी

रुग्णालयात झालेल्या जन्माची माहिती रुग्णालय कळवते. घरी झालेल्या जन्माची माहिती देण्याची जबाबदारी 1969 च्या कायद्यानुसार कुटुंबप्रमुखावर असते. ती आपल्या विभागाच्या महापालिका कार्यालयातल्या आरोग्य खात्याकडे 21 दिवसांच्या आत द्यावी. सोबत मिडवाइफने सही-शिक्क्यासह दिलेले जन्माचे पत्र, गरोदरपणातल्या तपासण्यांची फाइल, आई-वडिलांची ओळखपत्रे आणि पत्त्याचा पुरावा न्यावा. बाळंतपणाआधीच एकदा त्या कार्यालयात जाऊन घरच्या जन्मासाठी कोणते कागद मागतात ते विचारून घ्यावे, कारण अशी प्रकरणे तिथे क्वचित येतात. 21 दिवस उलटले तर 30 दिवसांपर्यंत विलंबशुल्क भरून नोंद होते; त्यानंतर वर्षभरापर्यंत वरिष्ठ अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते, आणि वर्ष उलटल्यावर दंडाधिकाऱ्यांचा आदेश आणावा लागतो. बाळाचे नाव ठरलेले नसले तरी नोंदणी अडत नाही. बारशानंतर, पण नोंदणीपासून वर्षभराच्या आत नाव विनाशुल्क घालता येते.